चौरस एकराची बाजू किती? वर्गमूळ आणि अपरिमेय संख्या पायरीपायरीने

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हे विदर्भातल्या कास्तकाराच्या घरातील आठवीच्या मुलाने बहुधा ऐकलेले असते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असले, तरी वावराचा सौदा, मक्ता आणि बियाण्याचा हिशेब अजून एकरातच चालतो. आता या दोन आकड्यांवर एकच प्रश्न विचारावा: जमीन अगदी चौरस आकाराची असेल, तर तिची बाजू किती फूट? गुंठ्याचे उत्तर चटकन मिळते. ३३ × ३३ = १०८९, म्हणून बाजू ३३ फूट. एकराचे उत्तर मात्र पूर्णांकात बसत नाही, कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही आणि दशांशात कितीही अंक लिहिले तरी पुरे होत नाही.

वर्गमूळ आणि अपरिमेय संख्या (दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता न येणारी संख्या) हे दोन्ही विषय या एका प्रश्नात एकत्र येतात. मुलांचे दोन गैरसमज इथे हमखास दिसतात: न संपणारा दशांश दिसला की संख्या अपरिमेय मानायची, आणि अपरिमेय म्हणजे अंदाजे, नक्की नसलेली संख्या समजायची. दोन्ही चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत हे समजण्यासाठी वर्गमूळ काढण्याच्या पद्धतींपासूनच सुरुवात करावी लागते.

वर्गमूळ म्हणजे चौरसाची बाजू

बाजू माहीत असताना क्षेत्रफळ काढणे म्हणजे वर्ग करणे आणि क्षेत्रफळ माहीत असताना बाजू शोधणे म्हणजे वर्गमूळ काढणे. विद्यार्थ्याने आधी चौकटीच्या वहीत १, ४, ९, १६, २५ घरांचे चौरस काढावेत आणि मग १० घरांचा चौरस काढायचा प्रयत्न करावा. तीन घरांची बाजू कमी पडते, चार घरांची जास्त होते, म्हणजे उत्तर ३ आणि ४ यांच्या दरम्यान आहे, हे त्याला स्वतःलाच दिसते. ३० पर्यंतचे पाढे ज्याचे पाठ आहेत त्याने ३० पर्यंतचे वर्गही पाठ करून टाकावेत. शिष्यवृत्ती परीक्षेत आणि एनएमएमएस या आठवीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत ती मेहनत पुरेपूर वसूल होते.

पूर्ण वर्ग संख्या ओळखण्याची पहिली चाळणी शेवटच्या अंकाची आहे. २, ३, ७ किंवा ८ ने संपणारी संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही, कारण ० ते ९ यांपैकी कोणत्याही अंकाच्या वर्गाच्या एकक स्थानी हे अंक येत नाहीत. तसेच संख्येच्या शेवटी शून्ये असतील तर ती सम संख्येने असावी लागतात. ४३,५६० च्या शेवटी एकच शून्य आहे, म्हणजे चौरस एकराची बाजू पूर्ण फुटांत येणार नाही, हे एकही आकडेमोड न करता कळले. ही चाळणी फक्त नापास करते, पास करत नाही, हे मात्र मुलांना बजावून सांगावे लागते: १४ चा शेवटचा अंक ४ आहे, म्हणून १४ काही पूर्ण वर्ग होत नाही.

चिन्हाबद्दल एक खुलासा. ज्या संख्येचा वर्ग २५ येतो अशा संख्या दोन आहेत, ५ आणि –५. पण √२५ असे लिहिले की त्याचा अर्थ केवळ धन वर्गमूळ, म्हणजे ५, असाच घ्यायचा असतो.

मूळ अवयवांची पद्धत

संख्येचे मूळ अवयव पाडावेत आणि सारख्या अवयवांच्या जोड्या लावाव्यात. प्रत्येक जोडीतला एक अवयव वर्गमूळ चिन्हाच्या बाहेर येतो, एकटा राहिलेला आतच राहतो. १०८९ = ३ × ३ × ११ × ११; दोन जोड्या पूर्ण झाल्या, म्हणून √१०८९ = ३ × ११ = ३३. आता एकराचे पाहू:

४३,५६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११

येथे २, ३ आणि ११ यांची एकेक जोडी बाहेर येते आणि एक २ व एक ५ एकटे उरतात. म्हणून √४३,५६० = २ × ३ × ११ × √(२ × ५) = ६६√१०. चौरस एकराची बाजू ६६√१० फूट आहे. हे उत्तर अपुरे नाही, हेच तंतोतंत उत्तर आहे. पुढे जे दशांशात येईल ते याच्या जवळचे असेल. ६६ हा आकडा इथे योगायोगाने आलेला नाही. इंग्रजी अमदानीत जमीन मोजणीसाठी वापरली जाणारी गुंटरची साखळी ६६ फुटांची होती, आणि अशा १० चौरस साखळ्यांचा एक एकर धरला जात असे. त्यामुळेच १० हा अवयव जोडीविना उरला.

उरलेले एकटे अवयव आणखी एक गोष्ट सांगतात. ४३,५६० ला १० ने गुणले की २ आणि ५ यांना जोडीदार मिळतो आणि ४,३५,६०० ही पूर्ण वर्ग संख्या तयार होते. म्हणजे दहा एकरांचा चौरस तुकडा बरोबर ६६० फूट बाजूचा असतो. अडीच एकरांचाही हिशेब जुळतो: १,०८,९०० चौरस फूट, बाजू ३३० फूट. 'दिलेल्या संख्येस कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल' या परीक्षेतल्या प्रश्नामागे हेच जोडीदार शोधण्याचे काम आहे.

भागाकार पद्धत, आणि ती का चालते

ही पद्धत मुले यंत्रासारखी पाठ करतात आणि मधली एक पायरी विसरली की सगळे विसरतात. म्हणून ती आधी जमिनीवर पाहावी. आपल्याकडे ४३,५६० चौरस फूट जागा आहे. त्यातून २०० फूट बाजूचा चौरस आखला, तर ४०,००० चौरस फूट वापरले गेले आणि ३,५६० उरले. उरलेली जागा या चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्या म्हणून जोडायची आहे. पट्टीची रुंदी ८ फूट धरली, तर २०० × ८ च्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात ८ × ८ चा लहान चौरस लागतो. या तिघांचे एकूण क्षेत्रफळ (४०० + ८) × ८ = ३,२६४ चौरस फूट. रुंदी ९ फूट धरली तर ४०९ × ९ = ३,६८१ लागतील, आणि तेवढी जागा आपल्याजवळ नाही. म्हणून ८. पट्ट्या दोन असतात म्हणून भाजकात वर्गमूळाची दुप्पट येते, आणि कोपरा भरायचा असतो म्हणून तोच अंक भाजकाच्या शेवटीही जोडला जातो. भागाकार पद्धतीत याहून वेगळे काहीही नाही.

आता हेच कागदावर मांडावे. दशांश चिन्हापासून डावीकडे दोन-दोन अंकांचे गट करावेत: ४, ३५, ६०. पहिला गट ४, त्याचे वर्गमूळ २, बाकी ०. पुढचा गट ३५ खाली घ्यावा. २ ची दुप्पट ४. ४ च्या पुढे एक अंक ठेवून त्याच अंकाने गुणायचे आहे. ४१ × १ = ४१ हे ३५ पेक्षा मोठे आहे, म्हणून अंक ०. हे शून्य वर्गमूळात लिहिलेच पाहिजे. पुढचा गट ६० खाली घेतल्यावर ३५६० होतात; २० ची दुप्पट ४०; ४०८ × ८ = ३२६४, बाकी २९६. येथून पुढे दशांश चिन्ह द्यावे आणि शून्यांच्या जोड्या घ्याव्यात. २९६०० साठी २०८ ची दुप्पट ४१६; ४१६७ × ७ = २९१६९, बाकी ४३१. ४३१०० साठी २०८७ ची दुप्पट ४१७४; ४१७४१ × १ = ४१७४१, बाकी १३५९. उत्तर २०८.७१ पर्यंत आले.

मधले शून्य लिहायचे राहून गेले, तर उत्तर २८.७१ असे येते. तीस फुटांहून कमी बाजूचा एकर गावातले कोणीही मान्य करणार नाही. पण वहीत तो निमूटपणे लिहिला जातो, कारण आधी अंदाज केलेला नसतो. २०० चा वर्ग ४०,००० आणि २१० चा वर्ग ४४,१००, म्हणून उत्तर २०० ते २१० च्या आत, एवढी एक ओळ आकडेमोडीच्या आधी लिहिण्याची सक्तीच करावी. ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ग्रंथात स्थानांचे वर्ग (एकक, शतक अशी) आणि अवर्ग (दशक, हजार अशी) असे भाग पाडून, वर्गमूळाच्या दुपटीने भागत जाण्याचा नियम एका श्लोकात दिलेला आहे.

घाईच्या वेळी सरासरीची पद्धत अधिक सोयीची पडते. बाजूचा अंदाज २०९ फूट केला, तर ४३,५६० ÷ २०९ = २०८.४२१०… एक बाजू २०९ आणि दुसरी २०८.४२१० असा तो आयत झाला. खरी चौरस बाजू या दोहोंच्या मध्ये असणार. दोघांची सरासरी २०८.७१०५. खरे मूल्य २०८.७१०३… आहे, म्हणजे एकाच फेरीत चूक इंचाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी उरली. टेपवर हे अंतर २०८ फूट साडेआठ इंच एवढे येते, आणि धुऱ्यावर खुंटी ठोकणाऱ्याला याहून अधिक काही नको असते.

दशांश संपतो, फिरतो की दोन्ही नाही?

ज्या संख्या म/न या रूपात लिहिता येतात, जेथे म आणि न पूर्णांक असून न शून्य नाही, त्या परिमेय संख्या. छेदाचे मूळ अवयव केवळ २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित होते, जसे ५/८ = ०.६२५, मात्र अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात असायला हवा. छेदात दुसरा कोणताही मूळ अवयव असेल तर ते आवर्ती होते. असे होण्याचे कारण साधे आहे. १ ला ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. सहा पायऱ्यांच्या आत एखादी बाकी पुन्हा येते, आणि ती आली की तिथून पुढचे सगळे अंक पुन्हा त्याच क्रमाने येतात. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७…

याचा अर्थ न संपणारा दशांश आणि अपरिमेय संख्या एकच नव्हेत. दशांश संपतही नाही आणि त्यात ठरावीक अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतही नाही, तेव्हाच संख्या अपरिमेय. ०.१०१००१०००१… या संख्येत दोन एकांमधली शून्ये दर वेळी एकाने वाढतात. मांडणीला नियम आहे, पण एकच गट पुन्हा पुन्हा येत नाही, त्यामुळे ही अपरिमेय आहे.

मग ६६√१० चे काय? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आलेले दहा अंक पाहून मुले सांगतात, 'सर, अंक फिरत नाहीत, म्हणजे अपरिमेय.' हे कारण स्वीकारू नये. ५७७/४०८ ही सरळसरळ परिमेय संख्या आहे, पण तिचा दशांश १.४१४ नंतर २१५६८६२७४५०९८०३९ हा सोळा अंकांचा गट पुन्हा पुन्हा घेतो. दहा अंकांच्या पडद्यावर त्याची पुनरावृत्ती दिसणारच नाही. अंक पाहून अपरिमेयता ठरत नाही, ती सिद्ध करावी लागते.

√१० अपरिमेय आहे याची सिद्धता

जोड्या लावण्याचे जे तंत्र वर दिले आहे, तेच येथे कामाला येते. कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाचे मूळ अवयव पाडले, तर प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो, कारण ज्या संख्येचा वर्ग केला तिच्यात तो जितक्या वेळा असेल त्याच्या दुप्पट वेळा वर्गात येतो.

आता √१० = म/न असे मानू, म आणि न धन पूर्णांक आहेत. दोन्ही बाजूंचा वर्ग करून छेद काढला की म × म = १० × न × न मिळते. डाव्या बाजूस २ हा अवयव किती वेळा आहे ते मोजावे: ती एक वर्गसंख्या आहे, म्हणून सम वेळा. उजव्या बाजूस न × न मध्ये २ सम वेळा आहे आणि १० मध्ये आणखी एकदा, म्हणजे एकूण विषम वेळा. दोन्ही बाजू एकच संख्या आहेत, आणि एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. तेव्हा तोच अवयव सम वेळाही आणि विषम वेळाही येणे अशक्य आहे. आपले मानणेच चुकीचे होते. √१० अपरिमेय आहे. ६६√१० परिमेय असती, तर तिला ६६ ने भागून √१० ही परिमेय ठरली असती. म्हणून चौरस एकराची बाजूही अपरिमेय आहे.

शाळेत √२ साठी सम-विषम संख्यांची जी सिद्धता शिकवली जाते ती उत्तम आहे, पण माझ्या मते अवयव मोजण्याची ही रीत मुलांच्या अधिक हाती लागते, कारण ती एकदा समजली की √३, √५, √१२ सगळ्यांना लागू पडते. ती खरोखर समजली का, हे तपासण्याचा एक उपाय आहे: विद्यार्थ्याला हीच सिद्धता √९ साठी लिहायला सांगावी. तेथे उजव्या बाजूस ३ हा अवयव दोनदा अधिक येतो, सम संख्या समच राहते आणि विरोध निर्माण होत नाही. सिद्धता नेमकी कोठे अडते हे ज्याने दाखवले, त्याला ती कळली.

दोरीने आखलेली अपरिमेय लांबी

सिद्धता झाल्यावर 'मग ही लांबी खरी असते तरी का?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर फळ्यावर देण्यापेक्षा शाळेच्या पटांगणात द्यावे. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग करावेत आणि ती ३, ४, ५ भागांच्या त्रिकोणात ताणावी. ३ आणि ४ च्या मधला कोन काटकोन होतो. घराचा पाया आखताना मिस्त्री हेच करतो, आणि नंतर दोन्ही कर्ण सारखे आहेत का हे पाहून खात्री करतो. या काटकोनाच्या एका भुजेवर ३ मीटर आणि दुसरीवर १ मीटर मोजून खुणा कराव्यात. पायथागोरसच्या प्रमेयानुसार खुणांमधल्या अंतराचा वर्ग ९ + १ = १०, म्हणून अंतर √१० मीटर. टेप लावला की ३ मीटर १६ सेंटिमीटरच्या किंचित पुढे दिसते.

हेच वहीत संख्यारेषेवर करताना ३ या बिंदूवर १ एकक उंचीचा लंब काढावा, त्याचे टोक शून्याला जोडावे आणि कंपासचे टोक शून्यावर ठेवून तेवढ्या त्रिज्येचा कंस रेषेला छेदू द्यावा. तो छेदनबिंदू √१० आहे.

वावरात या त्रिकोणाचे माप ६६ पट करावे: एका भुजेवर १९८ फूट, दुसरीवर ६६ फूट. १९८ चा वर्ग ३९,२०४ आणि ६६ चा वर्ग ४,३५६, बेरीज ४३,५६०. म्हणजे या कर्णाएवढी बाजू घेऊन चौरस आखला, तर तो एक एकर भरतो, आणि त्यासाठी एकही दशांश लिहावा लागत नाही. प्रत्यक्षात लांब दोरी ताणते, झोल पडतो, इंच-दोन इंचांचा फरक येतो. तो दोष दोरीचा आहे, संख्येचा नाही. लांबी पूर्णपणे निश्चित आहे. ती दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येत नाही, एवढेच अपरिमेय या विशेषणाने सांगितलेले आहे.

√२ आणि चौफुलीवरची कपाशी

तीन बाय तीन फुटांच्या चौफुलीवर टोबलेल्या (हाताने बी लावलेल्या) कपाशीत आडवे-उभे दोन्हीकडून डवरणी, म्हणजे ओळींमधली मशागत, करता येते. तेथे शेजारच्या झाडाचे अंतर ३ फूट, पण तिरक्या शेजाऱ्याचे अंतर √(९ + ९) = √१८ = ३√२, म्हणजे सुमारे ४ फूट ३ इंच. चौरस कोणताही असो, कर्ण आणि बाजू यांचे गुणोत्तर √२ च असते. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात त्यासाठी नियम आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. बाजू १ धरून हिशेब केला की ५७७/४०८ येते, तीच वर आलेली संख्या. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक केवळ एकाचा. अपूर्णांकाने √२ च्या किती जवळ जाता येते आणि तरीही तो तिला गाठू शकत नाही, हे याहून नेमके दाखवता येणार नाही.

कोठे घसरतात, आणि सरावासाठी काही

सर्वांत हट्टी चूक √(९ + १६) = ३ + ४ ही आहे. डावीकडे √२५ = ५ येते, उजवीकडे ७. गुणाकारात मात्र √(९ × १६) = ३ × ४ बरोबर आहे. दुसरी चूक दशांशाची: √०.०४ = ०.२ हे खरे, पण √०.४ हे ०.२ नाही. ०.४ = २/५, तेथे जोड्या लागत नाहीत, म्हणून √०.४ अपरिमेय आहे, सुमारे ०.६३. एकापेक्षा लहान धन संख्येचे वर्गमूळ त्या संख्येहून मोठे असते, हेही यावरून लक्षात आणून द्यावे. तिसरी चूक π ची आहे. २२/७ परिमेय आहे, ३.१४ ही परिमेय आहे, पण π यांपैकी कोणतीच संख्या नाही. ती अपरिमेय असल्याचे लॅम्बर्ट या गणितज्ञाने १७६१ मध्ये सिद्ध केले.

√(८/१८) परिमेय की अपरिमेय, हा प्रश्न वर्गात अवश्य द्यावा. √८ आणि √१८ दोन्ही अपरिमेय असल्याने बहुतेक हात चुकीच्या उत्तराला वर येतात, पण ८/१८ = ४/९, म्हणून उत्तर २/३. त्याचप्रमाणे √१२ × √३ = √३६ = ६. दोन अपरिमेय संख्यांचा गुणाकार परिमेय येऊ शकतो. सातबाऱ्यावरचे ०.८१ हेक्टर म्हणजे ८,१०० चौरस मीटर. चौरस असल्यास बाजू ९० मीटर. ०.४० हेक्टर असल्यास √४००० = २०√१०, म्हणजे सुमारे ६३.२५ मीटर.

शेवटचा प्रश्न तुलनेचा. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ६ × ६ मीटर अंतराने कलमे लावली, तर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. तिरक्या रेषेत दोन झाडांमधले अंतर साडेआठ मीटर भरते का? अंतर ६√२ मीटर आहे. दोन धन संख्यांची तुलना करताना वर्गमूळ काढत बसण्यापेक्षा दोन्हींचे वर्ग करावेत: ६√२ चा वर्ग ७२ आणि ८.५ चा वर्ग ७२.२५. म्हणून ते अंतर साडेआठ मीटरपेक्षा किंचित कमी आहे. याच रीतीने विद्यार्थ्याने ५√२ आणि ७, तसेच २√३ आणि ३.५ यांतली मोठी संख्या कोणती हे ठरवावे आणि मगच कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहावे.